पूर्वाभिमुख, लाल शाईत

“निकम, दार लाव,” इनामदार सर म्हणाले, “आणि कुणी विचारलं तर मी इथे आलोच नव्हतो.”

मी दार लावलं. त्याचा काडीचाही उपयोग नव्हता. मामाच्या ऑफिसची पुढची भिंत सगळी काचेची होती आणि सर त्या काचेलाच पाठ लावून बसले होते. रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही त्यांचं टक्कल, शाळेची पिशवी आणि घटक चाचणीच्या पेपरांचा गठ्ठा आरामात दिसत होता. त्या गठ्ठ्यात माझाही पेपर होता. मी तो कडेच्या घडीवरून ओळखला आणि लगेच नजर दुसरीकडे वळवली.

ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी आठवीत होते आणि नुकतीच तालुका पातळीवर वक्तृत्वात पहिली आले होते. तेव्हापासून मला गप्प बसणं जड जात होतं. आमचं गाव कराड. आमच्या घराच्या खालच्या गाळ्यात माझ्या मामाचं ऑफिस होतं, ‘धैर्यशील प्रॉपर्टीज’. धैर्यशील म्हणजे माझा मामाच, आईचा धाकटा भाऊ. नाव धैर्यशील, आणि पाल दिसली की खुर्चीवर चढतो. तो घरं दाखवायचा आणि त्या घरांच्या जाहिराती मी लिहायचे. एका जाहिरातीला एक पावभाजी असा दर ठरला होता.

खोटं नाही सांगत, मी फार छान लिहायचे. पाठीमागे म्हशींचा गोठा असला की मी ‘ताज्या दुधाची सोय’ लिहायचे. खिडकीला काच बसवायची राहिली असली की ‘चोवीस तास खेळती हवा’. ‘बसस्थानकापासून हाकेच्या अंतरावर’ हे तर मामाचं आवडतं वाक्य होतं, आणि ते लिहिण्याआधी तो त्या घराच्या गच्चीवर जाऊन खरोखर हाक मारून बघायचा. एकदा एक रिक्षावाला त्या हाकेनं आला. त्यानंतर मामाचा त्या वाक्यावरचा विश्वास अढळ झाला.

एवढं सगळं असून आठ महिन्यांत मामाचा एकही व्यवहार झालेला नव्हता. आईनं त्याला पाडव्याची मुदत दिली होती. पाडव्यापर्यंत काही झालं नाही तर ऑफिस बंद, आणि मामा अप्पांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, खताच्या दुकानात गल्ल्यावर. मामाला खताच्या वासानं शिंका येतात. त्यामुळे इनामदार सर आत आले तेव्हा मामा इतक्या झटकन उठला की त्याची खुर्ची भिंतीवर आपटली.

“सर, तो मेघमल्हार हाइट्समधला,” मामा म्हणाला, “तोच घ्या. तुमच्या बजेटमधला आहे, पहिला मजला आहे, हॉलची भिंत अकरा फूट सलग आहे. तुमचा जगाचा नकाशा पॅसिफिक महासागरासकट लागेल. आता घडी घालायची गरज नाही.”

“भिंत मी बघून आलो,” सर म्हणाले. भिंत म्हणताना त्यांचा आवाज हळवा झाला. मग त्यांनी मागे वळून काचेतून रस्त्याकडे पाहिलं. “दाराचं काय?”

“दार सागवानी आहे.”

“दिशा, धैर्यशील. दिशा.”

मेघमल्हार हाइट्स ही दोन मजल्यांची इमारत गावाबाहेर उसाच्या शेताला लागून होती आणि तिची सगळी दारं पश्चिमेला होती. इनामदार काकूंना, म्हणजे सरांच्या बायकोला, पूर्वेचंच दार हवं होतं. हे अख्ख्या कराडला माहीत होतं. सरांच्या खिशातल्या छोट्या वहीत ‘अट क्रमांक एक : दार पूर्वेला’ असं लिहून खाली दोन रेघा मारलेल्या होत्या. त्या अटीपायी अकरा घरं नाकारून झाली होती. आणि सर ज्या भाड्याच्या घरात राहत होते तिथे मालक पाडव्याला नव्या इमारतीचं भूमिपूजन करणार होता. जेसीबीवाला आधीच येऊन अंगण मोजून गेला होता, काकूंच्या कोरफडीच्या कुंडीसकट.

“पाडवा एकोणीस दिवसांवर आला,” सर म्हणाले. “सामान कुठे नेऊ? शाळेच्या प्रयोगशाळेत?” मग ते माझ्याकडे वळले. “निकम, जाहिराती तू लिहितेस ना? या फ्लॅटची लिही. माझ्यासमोर. मी तो कागद घरी टेबलावर चुकून विसरल्यासारखा ठेवीन. ती वाचेल.”

मी वही काढली आणि लिहायला लागले. निसर्गाच्या कुशीत, प्रशस्त हॉल, हिरवळीचं मनोहारी दर्शन. ऊस हिरवाच असतो, त्यामुळे यात मला काही अवघड गेलं नाही.

“आता लिही,” सर म्हणाले, “पूर्वाभिमुख.”

माझं पेन थांबलं.

हे तेच सर होते, ज्यांनी सहामाहीला माझे दोन गुण कापले होते, कारण मी नैऋत्य मोसमी वाऱ्यांचा बाण वायव्येकडून काढला होता. एवढंच नाही, मला वर्गाबाहेर उभं करून विचारलं होतं, “आता तुझं तोंड कोणत्या दिशेला आहे? सांग आणि आत ये.” मी चौथ्या प्रयत्नात आत आले होते. आणि आता तेच सर मला अख्खी इमारत फिरवायला सांगत होते!

मला ‘नाही’ म्हणायचं होतं. आत अगदी घशाशी आलं होतं. तालुक्यात पहिली आलेली मुलगी मी. पण सर समोर, मामा शेजारी, मामाच्या मागे खताचं दुकान. मी म्हणाले, “सर, पेनातली शाई संपलीय.”

सरांनी खिशातून स्वतःचं लाल पेन काढलं, टोपण उघडलं आणि माझ्या हातात दिलं.

म्हणून त्या निळ्या जाहिरातीत एकच शब्द लाल आहे. मी तो अगदी सुवाच्य लिहिला. सरांनी वाचला, सवयीनं खाली बारीकशी बरोबरची खूण केली, आणि मग दचकून ती खोडली.

“मुख्य म्हणजे वेळ सांभाळायची,” मामानं धंद्यातलं गुपित फोडलं. “अशी घरं दुपारी बाराला दाखवायची असतात, सर. बाराला सूर्य डोक्यावर. तो कुणाच्याच बाजूनं साक्ष देत नाही.”

“बाराला नाही,” सर म्हणाले. त्यांना राहवेना. “कराडला मार्चमध्ये सूर्य माथ्यावर येतो बारा चाळीसच्या सुमारास. भारतीय प्रमाणवेळ आणि स्थानिक वेळ यांत फरक असतो. निकम, हे पाठ्यपुस्तकात आहे.”

“बारा चाळीस,” मामानं लिहून घेतलं.

त्याच रात्री निरोप आला. काकूंनी जाहिरात वाचली. काकूंना घर बघायचंय. पण दुपारी त्यांना जमणार नाही, त्या गुरुवारी संध्याकाळी सहाला येतील.

मामाला घाम फुटला. सरांनी फोनवर फक्त एवढंच विचारलं, “गुरुवारी तारीख काय?”

“एकवीस,” मामा म्हणाला.

मग सर खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, “एकवीस मार्च. विषुवदिन. धैर्यशील, वर्षात दोनच दिवस असे असतात की सूर्य बरोबर, अगदी सुताइतकाही इकडेतिकडे न होता, पश्चिमेला मावळतो. त्यातला एक तिनं निवडलाय.”

गुरुवारी शाळा सुटल्यावर मी मामाच्या मागे गाडीवर बसून मेघमल्हारला गेले. माझं तिथे काही काम नव्हतं, पण मामाचं म्हणणं की मुलगी सोबत असली की बायका फार आवाज चढवत नाहीत. आम्ही पोचलो तेव्हा ऊन अजून वर होतं. मामानं गॅलरीत बांबूचा पडदा लावून बघितला. पडद्यातून सूर्य पट्ट्यापट्ट्यांनी आत आला आणि हॉल तुरुंगासारखा दिसायला लागला. त्यानं पडदा काढला. मग त्यानं ढगांकडे बघितलं. ढग नव्हते. शेवटी त्यानं हॉलमधला दिवा लावला. मी विचारलं का, तर म्हणाला, “उजेड नक्की कशाचा आहे ते कळायला नको.”

सहा वीसला रिक्षा आली. काकू उतरल्या. मी त्यांना तेव्हा पहिल्यांदाच जवळून बघत होते. लहानखुऱ्या, चॉकलेटी काठाची साडी, खांद्याला भली मोठी पर्स. मागून सर. सरांचा चेहरा अशा मुलासारखा झाला होता ज्याला ठाऊक असतं की प्रगतिपुस्तक आज घरी पोचलंय.

काकू जिना चढून वर आल्या, गॅलरीत उभ्या राहिल्या आणि त्यांनी पाहिलं.

समोर उसाचं शेत. त्याच्यावर दोन हात उंचीवर सूर्य, तांब्याच्या परातीएवढा. त्याचं ऊन गॅलरी ओलांडून, उंबरा ओलांडून, हॉलच्या पार मागच्या भिंतीपर्यंत गेलेलं. आमच्या चौघांच्या सावल्या त्या अकरा फुटी भिंतीवर एका रांगेत उभ्या होत्या आणि त्यातली मामाची सावली हात चोळत होती.

काकूंनी पर्समधून जाहिरातीचा कागद काढला. उघडला. वाचला. मग सूर्याकडे बघितलं. परत कागदाकडे.

“पूर्वाभिमुख,” त्या म्हणाल्या.

“हो,” मामा म्हणाला.

“हा सूर्य?”

“सूर्य नाही, काकू,” मामा म्हणाला. “म्हणजे आहे तो सूर्यच, पण रिफ्लेक्शन. पलीकडे कॉलेजची नवी इमारत झालीय ना, सगळी काचेची. खरा सूर्य मागच्या बाजूला आहे.”

“कुठाय इमारत?”

आम्ही सगळ्यांनी पाहिलं. ऊस वाऱ्यानं हलत होता.

“उसाच्या मागे,” मामा म्हणाला.

“आणि तो खाली खाली चाललाय तो?”

“इमारत उतारावर आहे.”

मी ओढणीचं टोक दातात धरलं. मामानं घाईघाईनं फोन काढला आणि त्यातलं होकायंत्र उघडलं. पण त्याच्या फोनच्या कव्हरला लोहचुंबकाचं बटण आहे. काटा दोन गिरक्या घेऊन शेजारच्या बिऱ्हाडाच्या मोरीकडे उत्तर दाखवून थांबला.

“हे बघा,” मामा आनंदानं म्हणाला. “म्हणजे हे समोर... हे... सर, तुम्ही सांगा ना! भूगोल तुमचा.”

सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. सरांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, परत लावला. तेहतीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस. मला वाटलं, आता हे खरं सांगणार. मला वाटलं, असं व्हायलाच पाहिजे, नाहीतर माझे दोन गुण कशासाठी गेले?

“असं बघ,” सर म्हणाले, “पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. बरोबर?”

“तुम्ही म्हणता तर बरोबर,” काकू म्हणाल्या.

“म्हणजे आपण सगळेच आत्ता पूर्वेकडे चाललोय. हे घरसुद्धा. मग घर ज्या दिशेला चाललंय तीच त्याची पुढची बाजू मानली, तर शास्त्रीय दृष्ट्या...”

“करेक्ट!” मामा ओरडला. “गाडी जाते तिकडे गाडीचं तोंड!”

“म्हणजे आपण उसात चाललोय?” काकूंनी विचारलं.

“व्यापक अर्थानं,” सर म्हणाले. आणि त्यांनी मान खाली घातली.

शेजारचं दार उघडून एक आजी हातात निरांजन घेऊन बाहेर आल्या. त्यांनी मावळत्या सूर्याला नमस्कार केला, आम्हा चौघांकडे पाहिलं, “दिवेलागणीला दारात उभं राहू नका, आत तरी जा,” म्हणाल्या आणि आत गेल्या.

काकूंनी जाहिरात नीट घडी करून हातात धरली. मग त्या माझ्याकडे वळल्या.

“तू रेणुका ना? वक्तृत्वात पहिली आलेली? ह्यांनी घरी सांगितलं होतं. दिशा कच्च्या आहेत पण बोलते छान, म्हणाले.” मी सरांकडे बघितलं. सर जमिनीकडे बघत होते. “मग तू सांग. हे दार कुठे बघतं?”

मामानं डोळे मिटून घेतले. त्याचे ओठ हलत होते. बहुतेक तो खताच्या गोण्यांवरची नावं पाठ करत असावा. सरांनी हळूच आत जाऊन त्या अकरा फुटी भिंतीवर हात टेकला, जसा आपण सुटायला आलेल्या गाडीच्या खिडकीवर टेकतो.

मी तोंड उघडलं. आणि माझ्याच तोंडून बाहेर पडलं, “काकू, माझा घसा बसलाय.”

काकूंनी पर्स उघडली. आत हात घातला. खडीसाखर आणि लवंग काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

“चघळ. मी थांबते.”

आम्ही चौघं तिथे उभे, आणि मी लवंग चघळतेय. असा किती वेळ गेला कुणास ठाऊक. सूर्य उसाच्या शेंड्यांना टेकला. लवंगेनं जीभ चुरचुरली. माझ्या लक्षात आलं, माझ्याकडे आता एकही सबब उरलेली नाही. शाई होती. घसाही होता.

“पश्चिमेला, काकू,” मी म्हणाले. “हे दार पश्चिमेला आहे. कागदावरचा तो शब्द मी लिहिला. पेन सरांचं होतं, पण अक्षर माझं आहे.”

मामाच्या तोंडून पंक्चर झालेल्या ट्यूबसारखा आवाज आला.

काकू हसल्या. आधी नुसत्या ओठांत, मग पर्स छातीशी धरून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

“अगं, मला दिसतंय की ते! आणि त्या लाल पेनात एकतीस वर्षं मी रिफिल घालून देतेय. कागद टेबलावर बघितला तेव्हाच कळलं, हे ह्यांचं काम. म्हणून तर संध्याकाळची वेळ मागितली. म्हटलं, बघू तरी, माझ्या पूर्वेसाठी ही माणसं कुठवर जातात.” त्यांनी पदरानं डोळे टिपले. “पृथ्वीपर्यंत गेलात हो!”

“पण तुझी अट...” सर म्हणाले.

“कुठली अट? शाई संपलीय, घसा बसलाय, तसलीच ती अट.”

“माझ्या शाईचं तुम्हाला कसं कळलं?” मी विचारलं.

“अख्खा कागद निळा आणि एक शब्द लाल. न कळायला काय झालं?” मग त्या सरांकडे वळल्या. “पहिलं घर आठवतं? सासवडे बाईंचं. माझ्या भिशीतल्या. बेडरूमची खिडकी उघडली तर समोर ड्रेनेजची टाकी. आणि बाई शिऱ्याची बशी घेऊन उभ्या, कसं वाटलं म्हणून विचारतायत. त्यांच्या तोंडावर आवडलं नाही म्हणू? तोंडात त्यांचाच शिरा होता. म्हणून म्हटलं, घर छान आहे हो, पण दार पूर्वेला नाही ना! तेवढ्यानं त्यांनाही बरं वाटलं. वास्तूपुढे कुणाचं काय चालतं? आणि खाली उतरून बघते तर तुम्ही वहीत लिहून खाली दोन रेघा मारलेल्या!”

“तू म्हणालीस म्हणून...”

“तिसरं घर मला आवडलं होतं.”

सरांनी मान वर केली.

“मंगळवार पेठेतलं, जास्वंदीचं. तुम्ही जिन्यातूनच परत फिरवलंत. होकायंत्र काढलंत, पश्चिम म्हणालात, चल म्हणालात. सातवंही बरं होतं.”

“मग सांगायचं नाही का?”

“मला कुठे विचारलंत? होकायंत्राला विचारलंत.”

सर रंगाच्या एका रिकाम्या डब्यावर बसले. मामानं पाणी आणायला नळ उघडला. जाहिरातीत मी ‘मुबलक पाणी’ लिहिलं होतं. नळातून फक्त हवा आली.

काकूंना मात्र आता धरबंध राहिला नव्हता. वक्तृत्वाच्या स्पर्धेत पहिली दोन वाक्यं अडखळत जातात आणि मग एकदम गाडी रुळावर येते, तसं त्यांचं झालं. त्या हॉलमधून फिरायला लागल्या. “ही फरशी मला आवडली नाही. या भिंतीचा रंग आवडला नाही. बघ, किती सोपं आहे! लग्नातला तो जांभळा शालू मला आवडला नव्हता. तुमच्या मावशींचं लोणचं कधीच आवडलं नाही, दरवर्षी बरणीभर देतात. आणि अहो, ऐका. उपमा.”

“उपमा काय?” सरांनी घाबरून विचारलं.

“मला उपमा आवडत नाही.”

आता हे समजायला एक गोष्ट ठाऊक हवी, जी मला पुढे कळली. इनामदार सरांना स्वयंपाकातला एकच पदार्थ येतो. लग्नापासून दर रविवारी ते सकाळी उठून काकूंसाठी उपमा करतात, वर कोथिंबीर आणि लिंबाची फोड ठेवून बशी हातात देतात आणि समोर बसून विचारतात, कसा झालाय.

“एकतीस वर्षं?” सर म्हणाले.

“एकतीस वर्षं.”

“दर रविवारी?”

“अधिक महिन्यातसुद्धा.”

सरांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. काकूंनाही बघवलं नसावं, कारण त्या थांबल्या. मग त्यांनी रंगाचा दुसरा डबा पायानं सरकवत दारापाशी आणला, पालथा केला आणि त्यावर बसल्या, ऊन तोंडावर घेऊन.

“तुम्ही करता ते मला आवडतं,” त्या जरा वेळानं म्हणाल्या. “उपमा आवडत नाही.”

सूर्य अर्धा उसात गेला. भिंतीवरच्या सावल्या आता पुसट झाल्या होत्या. मामा माझ्या कानाशी येऊन कुजबुजला, “रेणे, गेलं गिऱ्हाईक. अप्पांना फोन लावतो.” मी त्याला कोपरानं ढोसलं.

“सकाळी सूर्य उगवतो तेव्हा मी ओट्याशी असते,” काकू सूर्याकडे बघतच म्हणाल्या. “कुकर, कणीक, डबा, दूध. आत्ताच्या घराचं दार पूर्वेलाच आहे, पण एकतीस वर्षांत मी सूर्य उगवताना बघितलेला नाही. पूर्व बघायला मला वेळ असतो कुठे? मला वेळ मिळतो तो ह्या वेळेला. चहा झालेला असतो, रात्रीचं काही टाकायचं नसतं. तेव्हा आपल्या घरात काय असतं? मागच्या बोळातला अंधार.”

सूर्य शेंड्यांमागे गेला. ऊस कडेनं तांबडा झाला.

“हे घर घेऊ या,” काकू म्हणाल्या.

“नक्की?” सर डब्यावरून अर्धे उठले. “म्हणजे नको असेल तर तसं सांग. मी विचारतोय. मी स्वतः विचारतोय.”

“आवडलं नसतं तर आज सांगितलंच असतं. आत्ता सुरात होते.” मग त्यांनी हातातला कागद माझ्यापुढे धरला, सरांच्या खिशातून लाल पेन काढलं आणि मला दिलं. “पण आधी हे दुरुस्त कर. घरात येताना खोटा कागद नको.”

मी उंबऱ्यावर बसले आणि ‘पूर्वाभिमुख’ खोडलं. मग म्हटलं, सुरुवात केलीच आहे तर सगळंच करावं. शेवटी त्या कागदावर असं झालं : दार पश्चिमेला. संध्याकाळी ऊन थेट हॉलमध्ये येतं. मे महिन्यात भट्टी होईल. समोर ऊस दिसतो, तोड होईपर्यंत. नळाला आत्ता पाणी नाही. एक भिंत चांगली आहे.

सरांनी वाचलं आणि कोपऱ्यात बरोबरची खूण केली. ही त्यांनी खोडली नाही.

पाडव्याला गुढी त्या गॅलरीत उभी राहिली. आम्हाला सकाळी नाश्त्याला बोलावलं होतं. मी आणि मामा गेलो तेव्हा हॉलच्या भिंतीवर जगाचा नकाशा लागला होता, पॅसिफिक महासागर उलगडून. स्वयंपाकघरात सर ओट्यापाशी हातात झारा घेऊन उभे होते आणि काकूंना विचारत होते, “मग काय करू?”

काकू विचार करत होत्या. खूप वेळ करत होत्या. हा प्रश्न त्यांना नवीन असावा. शेवटी म्हणाल्या, “अजून आठवत नाहीये. तुम्ही थांबा जरा, मी दारात बसते,” आणि खुर्ची घेऊन गॅलरीत गेल्या.

मामा खुशीत होता. ऑफिस वाचलं होतं. त्यानं मला नकाशाखाली बाजूला घेतलं आणि खिशातून घडी केलेला कोरा कागद काढला. “रेणे, एक नवीन आलंय, वाखाण रोडला. एकदम झकास. लिही, कोयनेचं दर्शन.”

“दिसते का कोयना?”

“टाकीवर चढलं की दिसते. लिही ना.”

“नाही.”

मामानं खिशातून पेन काढून पुढे केलं. “शाई आहे यात, बघ.”

“माझ्याकडेपण आहे,” मी म्हणाले. “घसापण बरा आहे. मला नाही लिहायचं, मामा.”

तो माझ्याकडे बघत राहिला. काही वाईट झालं नाही. छत पडलं नाही, मामाही रुसला नाही, फक्त त्यानं कागद परत घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाला, “मग पावभाजी?”

“ती खाईन,” मी म्हणाले, आणि गॅलरीत जाऊन काकूंच्या शेजारी जमिनीवर बसले.

काकू पश्चिमेकडे तोंड करून बसल्या होत्या. सूर्य उसावर यायला अजून नऊ तास होते.